जीवनशैली नावाचा आरोप

आमच्या गावात आरोग्य शिबिर आलं ते ऐन रोवणीच्या दिवसांत. शाळेच्या व्हरांड्यात दोन टेबलं, एक बीपीचं यंत्र, एक शुगर तपासायचं यंत्र आणि मागे फ्लेक्स. फ्लेक्सवर पांढरे बूट घातलेला एक माणूस हिरव्यागार बागेतून धावत होता. बाजूला काचेच्या वाटीत सफरचंदाच्या फोडी होत्या आणि खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं, ‘जीवनशैली बदला, आजार टाळा’. त्या धावणाऱ्या माणसाच्या बरोबर खाली माझा मोठा भाऊ बसला होता. पहाटेपासून तो बांधीत होता. पाऊस फार जोराचा आला, काम थांबलं, म्हणून शिबिराला आला. पायाच्या बोटांत चिखल्या झालेल्या. बीपी निघालं १७० वर १००.

पाहुणे डॉक्टर माणूस म्हणून भले होते. रांग लांब होती, तरी दादाला त्यांनी दोन मिनिटं दिली. म्हणाले, “काका, रोज अर्धा तास चालत जा. भात कमी करा. मीठ कमी करा. टेन्शन घेऊ नका.” पंधरा दिवसांच्या गोळ्या दिल्या. बाहेर येऊन दादा मला म्हणाला, “अर्धा घंटा चाला म्हन्ते. मंग मी सकारपासून बांधीत का करत होतो गा?”

मी हसलो. पुढच्या वर्षी दिवाळीच्या चार दिवस आधी दादाला लकवा मारला. उजवा हात आणि उजवा पाय गेला, बोलणं अडखळलं. तेव्हापासून मला त्या हसण्याची लाज वाटते आणि त्या फ्लेक्सचा राग येतो. हा लेख त्या रागातून लिहिला आहे, हे आधीच सांगून टाकतो.

मी गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनी मोरगाव तालुक्यात, जिल्हा परिषदेच्या शाळांमधून एकतीस वर्षं शिकवलं. जिल्हा भंडाऱ्यातून वेगळा निघाला १ मे १९९९ रोजी. मी नोकरीला लागलो तेव्हा आम्ही भंडाऱ्याचेच होतो. ज्यांना हा भाग माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो : धान, तलाव, जंगल, तेंदूपत्ता, बिडी आणि राइस मिल, एवढ्यात आमचं अर्थशास्त्र संपतं. इथे मधुमेह, रक्तदाब, लकवा, तोंडाचा कॅन्सर हे आजार पूर्वी ‘मोठ्या लोकांचे’ समजले जायचे. आता प्रत्येक टोलीत दोन-चार घरं अशी आहेत. सरकारी भाषेत हे ‘असंसर्गजन्य आजार’. भाषणात, वर्तमानपत्रात आणि फ्लेक्सवर मात्र त्यांचं नाव ‘जीवनशैलीचे आजार’.

माझं भांडण या नावाशी आहे. ‘शैली’ हा शब्द निवडीचा आहे. लेखकाची शैली असते, गायकाची असते. चार वाटांतून त्यानं एक वाट घेतलेली असते. ज्याच्यासमोर एकच वाट आहे त्याच्या चालण्याला शैली म्हणत नाहीत. तरीही आपण दादाच्या रक्तदाबाला जीवनशैलीचा आजार म्हणतो, आणि तो शब्द उच्चारला की सगळा खटला दोन मिनिटांत निकाली निघतो. आरोपी, साक्षीदार आणि शिक्षा भोगणारा एकच. रेशनचं धोरण सुटलं, औषधाचं कपाट सुटलं, पानठेला सुटला, मजुरी सुटली. उरला तो चिखल्या झालेला माणूस, ज्यानं म्हणे स्वतःची शैली बदलायला हवी होती.

आता एकेक उपदेश घेऊन बघू.

‘व्यायाम करा.’ आशाताई घरोघर जो सीबॅक नावाचा फॉर्म भरतात, त्यात तीस वर्षांवरच्या प्रत्येकाला विचारायचं असतं की आठवड्याला किमान १५० मिनिटं शारीरिक हालचाल होते का. आमच्या आशाताईंनी हा प्रश्न रोवणी करणाऱ्या बायांना विचारला तेव्हा मी तिथेच होतो. बाया एकमेकींकडे बघून इतक्या हसल्या की ताईलाही हसू आवरेना. दीडशे मिनिटं म्हणजे अडीच तास. कमरेत वाकून, गुडघाभर चिखलात, मागे मागे सरकत त्या दिवसाला आठ तास रोवतात. फॉर्ममध्ये वयाचे, तंबाखूचे, कंबरेच्या घेराचे, आईवडिलांच्या आजाराचे प्रश्न आहेत आणि ते सगळे योग्यच आहेत. पण मजुरी किती मिळते, घरात डाळ किती दिवसांनी शिजते, मागच्या वेळी गोळ्या मिळाल्या का, हे तो फॉर्म विचारत नाही. ज्याचं उत्तर माणसाच्या अंगावर ढकलता येतं तेवढंच विचारतो.

‘भात कमी करा.’ हा उपदेश वैद्यकीयदृष्ट्या चुकीचा नाही. आयसीएमआरच्या इंडियाब अभ्यासानं २०२३ साली सांगितलं की देशात सुमारे १० कोटी लोकांना मधुमेह आहे आणि प्रौढांपैकी ३५ टक्क्यांहून अधिक लोकांचा रक्तदाब वाढलेला आहे. आपल्या ताटातली बहुतेक ऊर्जा भात-पोळीसारख्या पिष्टमय अन्नातून येते आणि प्रथिनं कमी पडतात, हेही त्याच अभ्यासातून पुढे आलं. आमच्याकडे तर सकाळी पेज, दुपारी भात, रात्री भात. सोबत कधी अंबाडीची भाजी, कधी पातळ वरण, कधी सुकट. वरण जितकं पातळ तितकं मीठ जास्त. मान्य. पण भात कमी करून ताटात त्या जागी काय ठेवायचं, हे फ्लेक्स सांगत नाही.

राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा २०१३ सालचा. प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला पाच किलो धान्य, अंत्योदय कुटुंबाला घरटी ३५ किलो. जानेवारी २०२३ पासून ते फुकट आहे. हा कायदा नसता तर काय झालं असतं याची मला कल्पना आहे. माझ्या लहानपणी श्रावणात घरं उपाशी झोपत. त्यामुळे या कायद्याची टवाळी करणाऱ्यांत मी नाही. पण कायद्याच्या लेखी धान्य म्हणजे तांदूळ, गहू आणि भरडधान्य. त्यात डाळ नाही, तेल नाही. भरडधान्य कागदावर आहे, २०२३ हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून गाजलंही, पण आमच्या रेशन दुकानातून कोदो-कुटकी घरी आणलेली मी पाहिली नाही. राज्यानं २०२२ च्या दिवाळीत ‘आनंदाचा शिधा’ काढला, शंभर रुपयांत : एक किलो रवा, एक किलो साखर, एक किलो चणाडाळ आणि एक लिटर पामतेल. सणाला गोडधोड हवं, त्याबद्दल तक्रार नाही. पण डाळ सणाला मिळाली आणि तांदूळ वर्षभर मिळतो, मग माणूस वर्षभर काय खाणार? आणि भात खाल्ला म्हणून त्याला रागावायचं कुणी? ज्यानं तो दिला त्यानं?

आमच्याकडे लाखोळी नावाची डाळ होती. धान कापायच्या आधी ओल्या बांधीतच तिचं बी फेकायचं. नांगरणी नाही, पाणी नाही, उरल्या ओलीवर पीक यायचं. गरिबाची प्रथिनं तीच. दुष्काळात फक्त तीच खाऊन दिवस काढले की पाय लुळे पडतात, म्हणून १९६१ साली देशात तिच्या विक्रीवर बंदी आली. बंदीमागचं कारण खोटं नव्हतं. पुढे शास्त्रज्ञांनी कमी विषाचे वाणही काढले. पण मला दिसतं ते एवढंच : सरकारला ताटातली एक डाळ काढून घेता आली, तिच्या जागी दुसरी ठेवता आली नाही. मासळीचंही तेच. कोहळी समाजानं बांधलेल्या शेकडो माजी मालगुजारी तलावांचा हा जिल्हा, आणि ढिवर समाज पिढ्यान्‌पिढ्या त्यातली मासळी, सिंगाडा काढत आला. आज कित्येक तलाव गाळानं आणि बेशरमच्या झाडीनं भरलेत. तलावातला गाळ काढणं हा सिंचनाचा विषय मानला जातो. माझ्या मते तो रक्तदाबाचा आणि मधुमेहाचाही विषय आहे, पण आरोग्य शिबिरात तलावाचं नाव निघत नाही.

‘टेन्शन घेऊ नका.’ आमच्या भागात बाया घरी बसून बिडी वळतात. सूप मांडीवर, दिवसभर मान खाली, तंबाखूची धूळ नाकातोंडात, आणि हजार बिड्यांमागे मजुरी. माल घेताना वाईट बिड्या म्हणून काही बाजूला काढतात, त्याचे पैसे नाहीत. या कामगारांसाठी १९७६ साली बिडीवर कल्याण उपकर बसवला होता. त्यातून त्यांचे दवाखाने, मुलांच्या शिष्यवृत्त्या चालत. २०१७ साली जीएसटी आला आणि तो उपकर गेला. ज्या बाईच्या मजुरीचा आणि दवाखान्याचा भरवसा नाही, तिला टेन्शन घेऊ नका हे सांगायला टेबलामागे बसलेला माणूसच लागतो.

आता खर्रा. इथे मला स्वतःला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं राहायचं आहे, कारण मी एकवीस वर्षं खर्रा खाल्ला.

वैदर्भीय नसलेल्या वाचकांसाठी : सुपारीचे तुकडे, तंबाखू आणि चुना एकत्र करून प्लास्टिकच्या कागदात घोटायचा, की झाला खर्रा. डीएडला असताना लागला. नोकरी लागल्यावर वाढला. मधल्या सुट्टीत एक, शाळा सुटल्यावर एक, रात्री जेवण झाल्यावर एक. मी मुलांना ‘तंबाखूमुक्त शाळा’ची शपथ द्यायचो तेव्हा माझ्या खिशात पुडी असायची. पुढे शाळेपासून शंभर यार्डांवर पिवळी रेघ मारायचा आदेश आला. ती रेघ मीच शिपायाला धरून मारून घेतली. रेघेच्या अलीकडे पानठेला होता, तो आठ दिवस पलीकडे गेला आणि नवव्या दिवशी परत आला. मी त्याचा गिऱ्हाईक होतो, मी कोणत्या तोंडानं बोलणार?

तोंडच हळूहळू बंद होत गेलं. आधी तिखट लागेना, मग गाल आतून कडक झाले. एका दंतवैद्यांनी बोटं उभी धरून तोंडात घालायला लावली. तीन मावायला हवीत. माझी दोन जेमतेम गेली. या विकारात तोंडाची आतली त्वचा दोरासारखी ताठर होत जाते, ती पूर्ववत होत नाही आणि पुढे कॅन्सर होण्याचा धोका असतो. कारण मुख्यतः सुपारी. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेनं २००४ सालीच सांगून ठेवलंय की नुसती सुपारी, तंबाखू नसलेलीसुद्धा, माणसात कॅन्सर घडवते. आम्ही मात्र ती सत्यनारायणाच्या पाटावर मांडतो आणि पाहुण्यापुढे ठेवतो. मी खर्रा सोडला तो भीतीनं. आता अडीच बोटं जातात. पुरणपोळीची घडी मोडून खावी लागते.

म्हणजे माझी चूक नव्हती का? होती. शिकलेला माणूस होतो, पगार होता, वाचता येत होतं. ‘व्यक्तीची काही जबाबदारीच नाही का?’ असा प्रश्न पुण्या-मुंबईचा वाचक विचारणार हे मला माहीत आहे, आणि तो रास्त आहे. मी माझी जबाबदारी घेतो. पण ती घेतल्यावर उरलेला हिशोबही करू द्या. महाराष्ट्रानं २०१२ साली गुटखा आणि पानमसाल्यावर बंदी आणली, पुढे ती सुगंधित तंबाखू आणि सुगंधित सुपारीवरही आली. खर्ऱ्यात पडणारा सुगंधित तंबाखू बंदीतलाच आहे. तो आमच्या ठेल्यापर्यंत येतो. रस्त्यानं येतो, गाडीतून येतो, आकाशातून पडत नाही. आमच्या जिल्ह्याला दोन राज्यांच्या सीमा लागून आहेत हे सगळ्यांना माहीत आहे. सिगारेटच्या पाकिटाचा ८५ टक्के भाग २०१६ पासून धोक्याच्या चित्रानं व्यापलेला असतो. खर्ऱ्याच्या पारदर्शक पुडीवर काहीच नसतं, कारण ती ठेल्यावर हातानं बनते. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातले सुमारे २७ टक्के प्रौढ तंबाखू वापरत होते आणि त्यातले बहुतेक जण तो ओढत नव्हते, चघळत होते. म्हणजे आपला मुख्य प्रश्न पुडीत आहे. आणि पुडीसाठी आपल्याकडे काय आहे, तर शाळकरी पोरांची शपथ.

माझ्या वर्गातल्या अकरा वर्षांच्या पोराला खर्ऱ्यापर्यंत चालत जायला दोन मिनिटं लागत होती. केळ घ्यायचं तर आठवडी बाजाराची वाट बघावी लागत होती. या दोन अंतरांना तुम्ही त्या पोराची जीवनशैली म्हणता?

शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय बंग यांच्या ‘सर्च’नं शासनासोबत २०१६ पासून ‘मुक्तिपथ’ चालवलं. दारू आणि तंबाखूविरुद्धचं हे काम मला पटतं ते एका कारणानं : तिथे शपथेपेक्षा गावाच्या निर्णयाला महत्त्व आहे. गावानं ठरवायचं की इथे विक्री होणार नाही, आणि ते गावानं सांभाळायचं. व्यसनी माणसाला उपदेश करण्याआधी विकणाऱ्याचा हात धरायचा.

हे काही आपल्याकडचंच शहाणपण नाही. फिनलंडमध्ये नॉर्थ कारेलिया नावाचा प्रांत आहे. जंगल, तळी, गरीब शेतकरी, आमच्यासारखाच म्हणा. १९७०च्या आसपास तिथले पुरुष ऐन चाळिशी-पन्नाशीत हृदयविकारानं मरत होते. लोकांनीच सरकारकडे अर्ज केला आणि १९७२ साली डॉ. पेक्का पुस्का यांच्या पुढाकारानं काम सुरू झालं. तिथेही पत्रकं वाटली गेली, सभा झाल्या. पण ते तिथे थांबले नाहीत. सॉसेज बनवणाऱ्यांशी बोलून चरबी आणि मीठ कमी करून घेतलं, डेअऱ्यांशी बोलून कमी चरबीचं दूध बाजारात आणलं, दुधावर जगणाऱ्या काही शेतकऱ्यांना बेरीच्या लागवडीकडे वळायला सरकारनं मदत केली, गावोगावच्या महिला संघटनांनी स्वयंपाक बदलला. पुढच्या तीन-चार दशकांत कामाच्या वयातल्या पुरुषांचे हृदयविकाराचे मृत्यू ८० टक्क्यांहून अधिक घटले. तिथल्या माणसाला ‘शैली बदल’ म्हणण्याआधी त्याच्या दुकानातला माल बदलला.

आता दादाच्या गोळ्यांकडे येतो, कारण माझ्या मनात सगळ्यात खोल रुतलेली गोष्ट ती आहे.

पंधरा दिवसांच्या गोळ्या संपल्या. आमच्या भागातल्या एका उपकेंद्रात दादा गेला, तर “पुढच्या आठवड्यात येतील” असं उत्तर मिळालं. पुढच्या आठवड्यात गेला, तरी नव्हत्या. तालुक्याच्या गावाला जायचं म्हणजे बावीस किलोमीटर, एक दिवसाची मजुरी बुडणार, वरून बसभाडं. दोनदा गेला. मग रोवणी संपून निंदण आलं. बीपी दुखत नाही, खुपत नाही. गोळी बंद केली तरी माणसाला दुसऱ्या दिवशी काहीच होत नाही. वहिनी म्हणायची, “ते म्हनत, बरं वाटते ना आता, कायले जाऊ?” गोळी घेतोय तोवरच रक्तदाब ताब्यात राहतो, ही जन्माची सोबत आहे, हे त्याला कुणी नीट बसून सांगितलं नाही. मीही नाही. मी तर शिकवणारा माणूस.

यावर उपाय माहीत नाही असं नाही. तो आमच्या जुन्या जिल्ह्यातच करून दाखवलेला आहे. २०१७-१८ साली पाच राज्यांत ‘इंडिया हायपरटेन्शन कंट्रोल इनिशिएटिव्ह’ सुरू झालं. महाराष्ट्रातल्या पहिल्या जिल्ह्यांत भंडारा होता. त्याची सूत्रं ऐकली तर त्यात काही जादू नाही. उपचाराची ठरलेली सोपी पद्धत, म्हणजे कोणत्या गोळीनं सुरुवात करायची आणि नाही भागलं तर पुढे काय, हे आधीच ठरलेलं. गोळ्यांचा साठा संपू न देणं. डॉक्टरांवर सगळं न टाकता नर्स आणि आरोग्यसेवकांनी बीपी मोजणं. घराजवळ, उपकेंद्रातच पुन्हा गोळ्या मिळणं. आणि कोण आलं नाही याची नोंद ठेवून त्याच्या घरी जाणं. या कामाला २०२२ साली संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कार मिळाला. मे २०२३ मध्ये केंद्रानं जाहीर केलं की २०२५ पर्यंत रक्तदाब आणि मधुमेहाच्या साडेसात कोटी रुग्णांना नीट उपचाराखाली आणू. मग ज्या उपकेंद्रावर आता ‘आयुष्मान आरोग्य मंदिर’ अशी पाटी लागली, तिथे माझा प्रश्न साधा आहे : आज कपाटात अम्लोडिपिनच्या गोळ्या किती आहेत?

त्या कपाटाशी आणि आमच्याशी जोडलेला एकमेव धागा म्हणजे आशाताई. सीबॅकचा एक फॉर्म भरायचे तिला दहा रुपये. निदान झालेल्या रुग्णाचा सहा महिने पाठपुरावा करायचे पन्नास. सहा महिन्यांचे पन्नास, म्हणजे महिन्याला साडेआठ रुपयेही नाहीत. तपासणीच्या आकड्यांवर वरून लक्ष असतं, म्हणून फॉर्म भरले जातात. दादाचाही भरला होता. तो कुठल्याशा आकडेवारीत ‘तपासणी झालेला’ म्हणून जमा आहे. गोळी बंद झाल्यावर त्याच्या दारात कुणी आलं नाही, आणि साडेआठ रुपयांत कुणी यावं अशी अपेक्षा करायला मला तरी तोंड नाही. २०२३-२४ मध्ये आशाताई मोबदल्यासाठी संपावर गेल्या तेव्हा गावात काही लोक कुरकुरले. मला वाटतं त्या संपाच्या मंडपात बीपी आणि शुगरच्या प्रत्येक रुग्णानं जाऊन बसायला हवं होतं.

सिकलसेलचं उदाहरण तर याहून बोलकं आहे. तो आईवडिलांकडून रक्तात येणारा आजार; पूर्व विदर्भात आदिवासी आणि इतर अनेक समाजांत आहे. त्यात ‘शैली’ शोधूनही सापडणार नाही. १ जुलै २०२३ रोजी शहडोलमध्ये सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू झालं, २०४७ पर्यंतचं लक्ष्य ठेवून, सात कोटी लोकांच्या तपासणीचं. तपासणी हवीच. पण आमच्या गावात त्याचा संदेश पोचला तो असा : लग्नाआधी कार्ड बघा. झालं, इथेही ओझं दोन तरुण पोरांच्या खांद्यावर. ज्या पोरीला आज सांधे दुखून शाळा बुडवावी लागते, तिला नियमित गोळ्या आणि गरज पडली तर रक्त कुठे मिळेल, हा प्रश्न कार्डाच्या मागेच राहतो.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे. आजार टाळायचे असतील तर तो माणूस जिथे खातो, जिथे राबतो, जिथे पुडी विकत घेतो आणि जिथे गोळी मागतो, त्या चार जागा आधी बदला. त्या बदलल्यावर खुशाल त्याला उपदेश करा. तेव्हा तो ऐकेलही, कारण ऐकून त्याला काही करता येईल.

आणि यासाठी मुंबईच्या आदेशाची वाट बघायची गरज नाही. ग्रामसभा आपल्या हातात आहे. गावाची आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती कागदावर तरी आहेच, तिच्याकडे थोडाफार निधीही येतो. महाराष्ट्रात काही जिल्ह्यांत २००७ पासून आरोग्यसेवेवर लोकाधारित देखरेख झालेली आहे. गावकऱ्यांनी दवाखान्याचं प्रगतिपुस्तक भरलं, ते भिंतीवर लावलं, जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर वाचलं. मी मास्तर आहे, प्रगतिपुस्तक मला समजतं. आजवर आम्ही ते पोरांचं भरलं. आता उपकेंद्राचं, रेशन दुकानाचं आणि पिवळ्या रेघेचं भरू.

माझ्या मागण्या मी लिहून ठेवल्या आहेत. पहिली, बीपी-शुगरच्या गोळ्यांचा साठा दर महिन्याला ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहावा, आणि रोवणी-कापणीच्या हंगामात रुग्णाला एकदम दोन महिन्यांच्या गोळ्या द्याव्यात. दुसरी, रेशनवर वर्षभर डाळ मिळावी असा ठराव ग्रामसभेनं करून वर पाठवावा. एका गावाच्या ठरावानं काही होत नाही, पण आठही तालुक्यांतून गेले तर कुणाला तरी वाचावे लागतील. तिसरी, शाळेच्या रेघेच्या आत विक्री होणार नाही हे गावानं ठरवावं, आणि ठेलेवाल्याला उठवताना त्याला पर्यायी धंदा उभा करून द्यावा. त्यालाही पोरं आहेत. चौथी, आशाताईच्या पाठपुराव्याला पोटापुरता मोबदला मिळावा. पाचवी किरकोळ आहे : शिबिर रोवणीच्या दिवसांत ठेवू नये.

दादा आता डाव्या हातानं जेवतो. भातच जेवतो. वहिनीनं मीठ कमी केलंय, गोळ्या मी स्वतः तालुक्याहून आणतो. माझ्या पेन्शनमुळे ते जमतं. ज्याचा भाऊ मास्तर नाही त्याचं काय, हे मला रोज दिसतं. संध्याकाळी मी दादाला आधार देऊन रस्त्यानं थोडं चालवतो, फिजिओथेरपीवाल्यांनी सांगितलंय म्हणून. अर्धा तास. डॉक्टरांनी सांगितलं होतं तेवढंच. परवा शाळेपाशी आलो तर त्यानं काठीनं रेघ दाखवली. पावसानं ती पुसत आलीय, आणि ठेला अलीकडेच आहे. दादाला शब्द जुळवायला वेळ लागतो. तो म्हणाला, “रेघ... पुन्हा मार गा.”

२६ जानेवारीची ग्रामसभा जवळ आली आहे. रंग मी आणून ठेवला आहे. यंदा रेघ शिपाई मारणार नाही. तो विषय मी पत्रिकेवर घ्यायला लावला आहे, आणि त्याच्या वरचा विषय आहे गोळ्यांचा साठा.